टीव्हीला कळलेली गोष्ट

नवी मुंबईतल्या पावणे गावात लग्न ठरलं की आमंत्रणाची पहिली सुपारी गोजराबाईंच्या दारी यायची. लग्नात गायची पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, त्यांना तोंडपाठ. त्यांनी ओळ म्हणायची आणि मागच्या बायकांनी ती उचलायची. पण यंदा बायकांचा सूर कधी थांबतो, तेच त्यांना ऐकू येईना. एका हळदीला त्या मध्येच सुरू झाल्या. ते हसण्यावारी गेलं. पण पुन्हा असं झालं, तर सुपारी दुसरीच्या दारी जाणार हे त्या ओळखून होत्या.

घरात त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. लिहिता येत नव्हतं, म्हणून एका दुपारी त्या मोबाइललाच म्हणाल्या, "कानानं कमी ऐकू येतं. यंत्र कुठं मिलंल?" माणसाच्या पोटात राहत नाही, मोबाइल कुणाला सांगणार!

पण मुलाने, प्रीतमने, त्यांच्या मोबाइलला आणि हॉलमधल्या टीव्हीला एकच खातं जोडून दिलं होतं.

एके दिवशी गावातल्या दुर्गाबाई नातीच्या हळदीची सुपारी घेऊन आल्या. ऐरोलीच्या कंपनीत असलेली सून मनस्वी त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने चहा दिला, टीव्हीवर गाणी लावली. पहिलं गाणं रंगात आलं, तोच जाहिरातीत कानामागे यंत्र लावलेले एक आजोबा पडद्यावर हसले. दुसऱ्या गाण्याआधी पुन्हा तेच आजोबा. गोजराबाई रिमोट शोधू लागल्या.

"काय गो, तुमच्या टीव्हीला कानांचीच परलीय," दुर्गाबाई म्हणाल्या. "घरान कोन भैरं झालं?"

गोजराबाईंनी मान खाली घातली. मनस्वीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मीच, काकी. दिवसभर हेडफोन लावून बसते ना."

"येवरीशी पोर नं भैरी! सासूचं ऐकाचं नसंल, दुसरं काय!" खदखदून हसत दुर्गाबाईंनी सुपारी गोजराबाईंच्या हातावर ठेवली.

त्या गेल्यावर मनस्वी सासूचा मोबाइल घेऊन शेजारी बसली. तिने जुने शोध पुसले, मोबाइलचं खातं टीव्हीपासून वेगळं केलं, आवडीनुसार जाहिराती दाखवायची परवानगी काढून टाकली.

"आपण विचारलेलं हा लक्षात ठेवतो, आई, आणि त्यावरून जाहिराती दाखवतो. जाहिराती यापुढेही येतील, पण या शोधावरून नाही."

"खोटं कशाला बोललीस गो माज्यासाठी?"

"कान तुमचा आहे. कुणाला सांगायचं, ते टीव्हीनं का ठरवायचं?"

गोजराबाईंनी सुपारी देवापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "डॉक्टरकरं येशील माज्याबरोबर?"

सीवूड्सच्या दवाखान्यात तपासणी झाली, पण यंत्र यायला अवकाश होता आणि हळद त्याआधी आली. मनस्वी बायकांच्या घोळक्यात सासूसमोर बसली. बायकांची ओळ संपली की ती हळूच मान हलवी, आणि गोजराबाई पुढची ओळ नेमकी धरत. अधूनमधून दुर्गाबाई मनस्वीच्या कानाशी येऊन केवढ्यांदा तरी ओरडत, "आयकू येतं का गो?"

धवल्यात देवांची नावं झाली, कुळाच्या वडीलधाऱ्यांची झाली. त्यानंतर गोजराबाईंनी एक ओळ जास्तीची घातली, आपल्या सुनेच्या, मनस्वीच्या नावाची. म्हातारी चुकली, असं वाटून बायका क्षणभर थांबल्या. मनस्वी मान हलवायचीच विसरली. गोजराबाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि मग बायकांनी ती उचलली.