माझ्या पोटातलं लाटणं

मित्रांनो, मोटारसायकल दिसली की तुम्ही तिची टाकी बघता, दिवा बघता, हॉर्न वाजवून बघता. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या दोन नळ्यांकडे कुणी बघत नाही. तो मी. एका जुन्या मोटारसायकलचा जुना फोर्क. माझ्या प्रत्येक नळीत एक स्प्रिंग असते आणि पेलाभर तेल. चोवीस वर्षं माझ्या पोटात आणखीही काहीतरी होतं. त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकाकत होतो. सर्बियातल्या डोंगरावर राहणाऱ्या वुकोसावने ही गाडी घेतली आणि शर्टाच्या बाहीने तो रोज मला पुसू लागला. शर्ट धुणारी त्याची बायको रादोय्का त्यावर काय बोलायची, ते मुलांना सांगण्यासारखं नाही.

वर्षं गेली, स्प्रिंगा थकल्या. ब्रेक मारला की मी नमस्कार घातल्यासारखा वाकायचो आणि खड्ड्यात खाडकन आपटायचो. मागून रादोय्का ओरडायची, "अहो, गाडी चालवताय की नांगर? माझे उरलेसुरले दात तरी घरी पोचू द्या!"

नव्या स्प्रिंगा मिळत नव्हत्या. अशा वेळी गावात एक युक्ती करत. नळीच्या वरचं बूच उघडायचं, स्प्रिंगवर चार बोटं लांबीचा ठोकळा ठेवायचा आणि बूच पुन्हा आवळायचं. स्प्रिंग दबते, फोर्क ताठ होतो. ठोकळा मात्र नळीत नेमका बसायला हवा. स्लावाच्या, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रादोय्का शेजारणीची भांडी परत द्यायला गेली, तेव्हा वुकोसावने प्रयोग सुरू केले. मक्याचं कणीस मऊ निघालं. झाडूचा दांडा बारीक निघाला. मग त्याची नजर स्वयंपाकघरातल्या खुंटीवर गेली.

तिथे रादोय्काचं लाटणं होतं. काठीसारखं सरळ, हातभर लांब. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं, दोन्ही टोकांना सहा पाकळ्यांचं फूल कोरलेलं. वुकोसावने दोन्ही टोकं कापली आणि माझ्या दोन्ही नळ्यांत एकेक बसवलं. तंतोतंत बसली. मधलं लाकूड पुरावा नको म्हणून चुलीत गेलं. बायकोच्या दातांसाठी त्याने बायकोचं लाटणं कापलं. प्रेम असंच असतं, मित्रांनो. त्याच्या हाती करवत देऊ नये.

शनिवारच्या बाजारातून गुपचूप दुसरं आणू, असा त्याचा बेत होता. पण रादोय्काला खुंटी त्याच दिवशी रिकामी दिसली. घरात तेव्हा त्याची धाकटी बहीण कोसारा होती. सणाला आली होती आणि परत निघायला पिशवी भरत होती. त्या लाटण्यावर तिचा जीव. "वहिनी, तुझ्यामागे हे मला दे हं," असं दर सणाला म्हणायची.

"माझ्यामागे म्हणाली होतीस ना?" रादोय्का म्हणाली. "अजून जिवंत आहे मी. उघड पिशवी."

कोसाराने पिशवी उघडली. लोकरीचे मोजे, औषधाची बाटली, भावाने दिलेला केकचा तुकडा, सगळं एकेक करून टेबलावर मांडलं. परत भरलं आणि निघून गेली, ती पुन्हा त्या घरी आलीच नाही. पिशवीत लाटणं नव्हतं, त्यामुळे रादोय्काचा संशय पक्काच झाला. इतकी सफाईदार चोरी! वुकोसाव दारात उभा होता. त्याच्या विजारीवर लाकडाचा भुसा होता. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. तो बोलला नाही.

नंतर मात्र दर रविवारी तो माझ्याजवळ यायचा, हँडलवर हात टेकायचा आणि म्हणायचा, "आज सांगतो रे तिला." मी खालीवर हलून होकार द्यायचो. मला तेवढंच येतं. रविवार संपायचा. त्याने भीतीने माझं बूच पुन्हा कधी उघडलंच नाही. तेल काळं झालं, तेल अडवणारे रबरी सील फाटले, मी थेंबथेंब गळू लागलो. गुपित मात्र गळलं नाही.

मग वुकोसाव गेला. त्याला पुरलं तेव्हा कोसारा दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी होती. आत आली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही. गाडी गोठ्यात गेली. सात वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. एक कोंबडी सीटवर अंडी घालायची, तीच काय ती सोबत, आणि तीही पुढे सूपच्या पातेल्यात गेली. चोरी कुणी केली हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी नेवेंका आली. ती शहरात बस डेपोत मेकॅनिक आहे.

"पंचेचाळिशी आली, नवरा नाही केलास," रादोय्का म्हणाली, "आणि हे भंगार कशाला दुरुस्त करतेस?"

"आई, भंगाराला सील मिळतात. नवऱ्याला मिळत नाहीत."

तिने नवे सील आणले होते, नवं तेल आणि पूर्वीपेक्षा चांगल्या, दमदार स्प्रिंगा. तिने माझं डावं बूच फिरवलं. टप्प करून ठोकळा वर आला. फडक्याने तेल पुसताच सहा पाकळ्या दिसल्या. मग उजवं उघडलं. दुसरं फूल.

रादोय्का कोंबडीच्या रिकाम्या टोपलीवर बसली.

"कोसाराला काय काय बोलले गं मी."

"आई, वीसेक वर्षं झाली त्याला."

"चोवीस. पिशवी उघडायला लावली मी तिला."

दुसऱ्या दिवशी ती रुमालात दोन्ही तुकडे बांधून नेवेंकाच्या मागे बसली. आठ किलोमीटर खड्डेच खड्डे होते. मी एकदाही आपटलो नाही. इतकं जपून मी आयुष्यात चाललो नव्हतो.

कोसारा दारात घेवडा सोलत होती. रादोय्काने रुमाल तिच्या मांडीवर सोडला. कोसाराने फुलांवरून बोट फिरवलं, तेलाचा वास घेतला.

"दादा?"

"तोच."

"तरीच रविवारी माझ्या फाटकापर्यंत यायचा आणि परत जायचा मेला."

"मला आत तरी घेतेस का?"

"पीठ मळलेलंच आहे," कोसारा म्हणाली. "पण लाटायला बाटली आहे. माझ्या घरात लाटणं नाही, वहिनी. एखादं घेतलं असतं आणि कुणी पाहिलं असतं, तर लोक म्हणाले असते, हेच ते."

रादोय्काने बाह्या वर सारल्या आणि ती आत गेली.

मी बाहेर कुंपणाशी उभा राहिलो. मला आत कोण नेणार? नव्या स्प्रिंगा तरण्या आहेत, माझ्याशी बोलत नाहीत. जिथे ते लाकूड होतं तिथे आता मला पोकळ वाटतं. मित्रांनो, माझ्यासारख्याचं तेल वेळच्या वेळी बदला. त्यासाठी बूच उघडावं लागतं, आणि आत काय ठेवलंय ते उघडणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तरी उघडा. चोवीस वर्षं फार होतात. त्या दिवशी खिडकीतून मला बराच वेळ ऐकू येत होतं, टेबलावर पिठावरून फिरणारी काचेची बाटली, एकदा हिच्या हातात, एकदा तिच्या.