तात्यांचं म्हणणं

अर्धांगाच्या झटक्यातून तात्या उठले, पण त्यांची हिंदी गेली. तीस वर्षं हिंदी मुलखात रेल्वेत स्टेशनमास्तर असलेला माणूस, आता बोलायचा ते फक्त मराठी. तेही अडखळत, पुष्कळदा भलतंच. बायकामुलं नव्हती. देवास गेटजवळच्या त्यांच्या घरात विधवा बहीण अनसूया त्यांचं सगळं करायची. चौऱ्याण्णव साली तिच्याच मुलाने, शैलेंद्रने, कोर्टात अर्ज लावला: मामांना समज उरलेली नाही, मला त्यांचा पालक नेमा आणि घर विकायची परवानगी द्या.

चौकशीच्या दिवशी अनसूया मागच्या बाकावर बसली होती. जज्जसाहेब सागरकडचे, मराठीचा गंध नाही. शैलेंद्रच दुभाषा म्हणून उभा राहिला. कुणी हटकलं नाही.

"मकान बेच दें? आप क्या चाहते हैं?" जज्जांनी सावकाश विचारलं.

शैलेंद्रने तेच मराठीत विचारलं. तात्यांनी जज्जांकडे पाहिलं. मग स्वच्छ म्हणाले, "विकू नका. अनू कुठे जाईल?"

"कह रहे हैं, गाड़ी आने वाली है, सिग्नल दो," शैलेंद्र म्हणाला.

जज्जांनी मान हलवून लिहून घेतलं. अनसूयेचे ओठ उघडले. भर कोर्टात पोटचा पोर खोटा पडेल, या धास्तीने मिटले.

आठवड्याभरात शैलेंद्रच्या बाजूने हुकूम निघाला. शैलेंद्रने तात्यांना इंदूरच्या एका आश्रमात ठेवायचं ठरवलं. गाडीत बसवताना तात्यांनी बहिणीचा पदर घट्ट धरला. शैलेंद्रने एकेक बोट उकलून तो सोडवला.

 पाचव्या दिवशी अनसूया एकटीच कोर्टाच्या कचेरीत गेली. बाहेर झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टला तिने हिंदीत सगळं सांगून हुकूम फिरवण्यासाठी अर्ज लिहून घेतला. सही करणार, तोच शैलेंद्र समोर. कुणीतरी त्याला कळवलं असावं. त्याने अर्ज वाचला. चिडला नाही.

"आई, घरी चल."

"तात्या सिग्नलचं बोललेच नव्हते. मी ऐकलंय."

"मागच्या बाकावरून? एवढ्या गलक्यात?"

"हो." तिने सही केली.

टायपिस्ट दोघांकडे आळीपाळीने बघत होता. "माताजी ठीक तो हैं न?"

शैलेंद्रने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "मामाजी जैसा ही है. अभी-अभी शुरू हुआ है."

टायपिस्टने तिच्या हातातून कागद अलगद काढून घेतला आणि शैलेंद्रला दिला.