मास्तरीणबाईंच्या पाठीचं माप

संशय पहिला

मास्तरीणबाईंचा कोट तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

"मानेमागे फुगा येतोय हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आत मांजर बसल्यासारखं वाटतं."

थोरलीने कोट उलटा करून पाहिला. शिवण सरळ, अस्तर सरळ. बावीस वर्षं ती या बाईंचे कपडे शिवत होती. बाईंना पोक. म्हणून मागचा भाग पुढच्यापेक्षा दीड इंच लांब कापायचा, उतरत्या उजव्या खांद्यात जाड पॅड घालायचं आणि बाईंना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. कोणाची पाठ किती वाकली, कोणाचा दंड किती सुटला, सगळं थोरलीला तोंडपाठ.

वही लागायची ती धाकटीला. ही तिची धाकटी जाऊ, तीन वर्षांपूर्वी दुकानात आलेली. मापं धाकटी घ्यायची, कापड थोरली कापायची, मशीनवर पुन्हा धाकटी. तिच्या वहीत मास्तरीणबाईंच्या पाठीपुढे लिहिलं होतं, अर्धा इंच. थोरलीला तेव्हा हसूच आलं होतं. पोक काय साबणाने धुतलं जातं? तिने आपल्या आठवणीनेच कापलं होतं.

मग कोट बिघडला कुठे? मशीनवर. दुसरं कुठे बिघडणार?

संशय दुसरा

लाँड्रीवाली बाहीत हात घालून उभी. दंडाला बाही घट्ट. नर्सच्या युनिफॉर्मची कंबर ढगळ. महिन्याभरात पाच कपडे परत.

आणि रुंद इलॅस्टिकच्या गुंडाळीतलं दहा वार इलॅस्टिक गायब.

आणि दर मंगळवारी, शुक्रवारी, दहाच्या ठोक्याला:

"ताई, जरा जाऊन येते."

"कुठे?"

"पाय मोकळे करायला."

"दीड तास? पायांना एवढ्या गाठी आहेत का गं?"

धाकटी हसली. थोरलीला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

संशय तिसरा

(हा संशय नव्हे, खात्रीच.) कपडे मुद्दाम बिघडवायचे, गिऱ्हाइकं फोडायची, आपलंच इलॅस्टिक वापरून पलीकडे दुसरं दुकान थाटायचं. शुक्रवारी मागावर जायचं, सगळ्यांदेखत पकडायचं आणि तिथेच सांगायचं, उद्यापासून येऊ नकोस.

शुक्रवार

शाळेमागचा हॉल. दार अर्धवट लोटलेलं. आतून नर्सचा आवाज येत होता, "सात... आठ... श्वास कोंडू नका... नऊ..."

थोरलीने फटीतून पाहिलं.

तिची गिऱ्हाइकं! भिंतीशी ओळीने उभी, आणि प्रत्येकीच्या हातात तिचं इलॅस्टिक. छातीपुढे ताणायचं, खांदे मागे न्यायचे, सोडायचं. लाँड्रीवाली दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन खुर्चीवरून उठत होती, बसत होती, पुन्हा उठत होती. कोपऱ्यात धाकटी, घामाघूम.

कापड नाही. मशीन नाही. दुसरं दुकान तर नाहीच.

तरी थोरली आत घुसली. "हे काय चाललंय?"

नर्सची मोजणी थांबली.

"व्यायाम," लाँड्रीवाली म्हणाली. "आठ महिने झाले. पूर्वी ओल्या चादरींची टोपली उचलली की रात्रभर कंबर ठणकायची. आता बिछान्याला टेकले की झोपते. नवरा म्हणतो, घोरतेससुद्धा."

"माझा हात फळ्याच्या वरच्या ओळीला पोचतो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पोरांना वाटतं, फळाच खाली आणलाय."

"आणि माझं इलॅस्टिक?"

"ते मी घेतलं," धाकटी म्हणाली. "न विचारता. ते चुकलंच."

"आणि मापांचं?"

"मापं चुकली नाहीत, ताई. बाईंची तीनदा नव्याने घेतली, तिन्ही वेळा लिहिली. तुम्ही वहीप्रमाणे कापलंत का?"

संशय चौथा

टेप. टेपच ताणली गेली असणार.

गळ्यातली टेप काढून थोरलीने मास्तरीणबाईंची पाठ मोजली. मग पुढची बाजू. फरक अर्धा इंच. पुन्हा मोजलं. अर्धा. बाईंना श्वास सोडायला लावून पुन्हा मोजलं.

"अहो, माप बाईंचं घेताय की टेपची परीक्षा?" नर्स पुटपुटली. लाँड्रीवाली फिस्सकन हसली.

थोरलीने उजव्या खांद्यावर तळहात ठेवला. बावीस वर्षं ओळखीचा उतार तिथे जेमतेम उरला होता. म्हणजे धाकटीने कोट बरोबर शिवला होता. आपण मात्र तो पूर्वीच्या, वाकलेल्या बाईंसाठी कापला होता.

"मला काढायला आला होतात ना?" धाकटीने विचारलं. ती जागची हलली नाही. "तोंडावरून कळलं. काढायचं तर आत्ताच काढा. पण राहिले, तर यापुढे कापड मी कापणार. मापं घ्यायची माझ्या हाताने आणि कापायचं तुमच्या आठवणीने, असं नाही चालायचं."

थोरलीने टेप गुंडाळली.

"दुकानात चल," ती म्हणाली.

शुक्रवार, साडेबारा

टेबलावर कोटाचं नवं कापड. धाकटीने खडूने मागचा भाग आखला. थोरली तिच्या खांद्याशी उभी, नजर खडूवर.

"अर्धा?"

"अर्धा."

"नक्की? आठवडाभर व्यायाम चुकवला आणि पाठ पुन्हा वाकली म्हणजे?"

"चुकवणार नाहीत बाई."

"तुला काय माहीत?"

 धाकटीने कात्री लावली आणि कापत गेली. थोरलीचा हात एकदा पुढे झाला. तिथून तो मागे आला आणि कापड सरकू नये म्हणून त्याच्या कडेवर दाबून बसला.