मीटरवरचं कुंकू

खंडेनवमीला कल्याणच्या खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात इंजिनाची पूजा होती, आणि नववीतली क्षिप्रा मालकीण असल्यासारखी मिरवत होती. मिरवणारच! मालक रवींद्रशेठ असले तरी इंजिनाची नाडी ओळखणारे विश्राम तिचे बाबा होते.

भंगारात निघालेल्या जहाजातलं ते डिझेल इंजिन खोलीभर लांब होतं. आठ सिलिंडर एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे! लाईट गेली की कारखाना त्याच्यावरच चालायचा.

"लांब आहे म्हणून जपायचं," बाबांनी मागे टॉवेल पिळून दाखवलेला. "आतला शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, असा पिळला जातो. ठरावीक स्पीडला तर जास्तच. मीटरवर लाल पट्टा आहे ना, तिथे काटा थांबू द्यायचा नाही. झटकन पुढे. थांबला, तर शाफ्ट तुटून भिंत फोडेल."

पूजा झाली. शेठची बायको हेमाकाकू, तिने हार घातले आणि हौसेने मीटरच्या काचेवर हळदीकुंकवाचं जाडजूड स्वस्तिक काढलं. बाबांनी इंजिन सुरू केलं.

"अरे विश्राम, हळू! पाहुणे घाबरतात. नुसतं गुरगुरू दे," शेठ म्हणाले.

काटा कुंकवाखाली दडलेला. बाबांनी पुसायला हात उचलला, तशी काकू खेकसली, "कुंकू पुसताय? सवाष्ण बायको आहे ना घरी!"

सगळे हसले. बाबांनी ओशाळून हात खाली घेतला, नुसत्या कानाच्या अंदाजाने वेग कमी केला आणि पार मागच्या टोकाला तेल बघायला वाकले.

क्षिप्राच्या पायाखालची फरशी थरथरायला लागली. कलशातलं पाणी सांडलं. समई विझली. इंजिनाचा आवाज जड, कण्हल्यासारखा येत होता, आणि पाहुणे आपले फोटो काढतायत!

काकू काय म्हणेल ते म्हणू दे, गेलं उडत! क्षिप्राने तळहाताने काच पुसली. काटा लाल पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध.

"बाबा! लाल! लालमध्ये आहे!"

बाबांनी धावत येऊन डिझेल बंद केलं. बाजूचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. शाफ्टवर केसाएवढी चीर होती. ते शेठकडे वळले.

"शेठ, आता हे चालवायचं नाही."

पण शेठ क्षिप्राच्या लाल तळव्याकडे बघत होते. "पोरीने सणाला अपशकुन केला! बंद इंजिन दाखवून पाहुण्यांना घरी पाठवू मी? हेमा, परत कुंकू लाव. परत स्टार्ट."

"चीर पडलीय, शेठ!"

"ओरखडा आहे रे! घाबरट कुठचा."

बाबांनी क्षिप्राचा दंड धरून तिला बाहेर अंगणात आणलं. "इथून हलायचं नाही."

तेवढ्यात मागे इंजिनात दाबाची हवा सोडल्याचा हिस्स आवाज झाला. शेठने स्वतःच इंजिन सुरू केलं होतं. हळू, गुरगुरत.

"बाबा, नको ना जाऊस!"

"आत माणसं आहेत गं." आणि ते धावले.

इंजिनखोलीच्या भिंतीला बाहेरून टेकून बायका गप्पा मारत बसलेल्या. "उठा! लांब व्हा भिंतीपासून, चला!" क्षिप्रा अशी काही ओरडली की सगळ्या पदर सावरत पळाल्या. आतला आवाज जड होत चालला. दारातून पाहुणे धडपडत बाहेर पडले, त्यांच्यामागे काकू, मग ढकलून दिल्यासारखे शेठ.

मग दारात कोणीच आलं नाही, बाबाही नाहीत. आणि इंजिन अजून चालूच होतं.