तीन वाजताची उशी

मी एक जुनी उशी आहे. माझ्या पोटात कुट्टू नावाच्या धान्याची टरफलं आहेत. दाबलं की ती कुजबुजतात. चीनमधल्या येनताय बंदरामागच्या गल्लीत मालीश करणाऱ्या सू-युनबाईंनी मला स्वतःच्या हातांनी शिवलं. मुलांच्या छातीखाली मला सरकवून त्या त्यांच्या पाठी चोळत.

त्यांच्याकडे स्वमग्न मुलं पुष्कळ येत. मित्रांनो, त्यांतल्या काहींना नुसता स्पर्शही चटक्यासारखा लागतो. सात वर्षांची श्याओमान तशीच होती. ती बोलत नसे. कुणी हात लावला की स्वतःचं मनगट चावे, रक्त येईपर्यंत. तिचे ल्वान आजोबा तिला घेऊन येत.

सू-युनबाईंनी दोन महिने तिला हातच लावला नाही. रोज दुपारी तीनला त्या तिच्यासमोर बसत, माझ्यावर तळवा टेकत आणि वाट पाहत.

"बाई, उशीला मालीश करून झाली असेल तर माझी कंबर बघा," आजोबा चिडवत.

"तुमच्यापेक्षा उशी बरी. कुरकुरते, पण बडबडत नाही."

मग एके दिवशी श्याओमान आपणहून माझ्यावर पालथी पडली आणि तिने आपली पाठ त्यांच्या हाताखाली सरकवली. मालिशीने तिला वाचा फुटली नाही, पण मनगटावरच्या जखमा सुकल्या. बायका सू-युनबाईंच्या हातांचं कौतुक करत. मला ते माझंच वाटे.

मार्चमध्ये सू-युनबाई गेल्या.

त्यांची मुलगी रुओलान त्यांच्याच हाताखाली शिकली होती. दाब तोच, क्रमही तोच. पण तिचा हात पाठीला लागताच श्याओमान किंचाळली आणि तिने दात मनगटात रुतवले. जखम पुन्हा उघडली. रोज उघडू लागली.

मळकी म्हणून रुओलानने मला कपाटात ठेवलं. तिथल्या अंधारात, दुपारी तीनला, एक तळवा माझ्यावर टेकला. टरफलं दबली आणि कुजबुजली. कपाट बंद होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. श्याओमान कपाटासमोर येऊन उभी राहू लागली.

"उंदीर असेल," आजोबा म्हणाले.

"रोज तीनलाच येतो, आजोबा?" रुओलानने विचारलं.

"बंदरातला उंदीर तो. भोंग्यावर कामाला येतो."

रुओलानने दार उघडलं. बाहेर समुद्रावरचं धुकं खिडकीला टेकलं होतं. माझ्यावर तळव्याचा खळगा होता, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. तशी करंगळी त्या घरात एकाच हाताला होती, सू-युनबाईंच्या.

रुओलान मला घेऊन खाली बसली. तिने खळग्यात आपला हात ठेवला. खळगा ऊबदार होता. श्याओमान समोर बसली होती.

"पोरी, चोळायला घे ना. वेळ चाललाय," आजोबा हळूच म्हणाले.

"नको. तिचं तिला ठरवू दे."

बराच वेळ गेला. मग रुओलानच्या तळव्याखाली टरफलं एकेक करून वर येऊ लागली, जणू कुणीतरी झोपलेल्या मुलाखालून आपला हात सावकाश काढून घेत होतं. रुओलानने जोर दिला असता, तर तो आकार आणखी थोडा वेळ राहिला असता. तिची बोटं आवळली. मग सैल झाली. तिने खळगा भरू दिला.

श्याओमान पुढे सरकली. तिने रुओलानची बोटं एकेक करून हुंगली. मग आपलं चावलेलं मनगट, जखमेची बाजू वर करून, तिच्या हातात दिलं.

रुओलानने ते धरलं नाही. फक्त खालून आधार दिला.

तो तळवा पुन्हा कधी आला नाही. दोन-तीन दिवस रुओलान तीन वाजता माझ्याकडे बघायची. चौथ्या दिवशी तिला वेळ झाला नाही. श्याओमान तिच्या हाताची वाट पाहत होती.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. टरफलं कधीतरी कुजायचीच. पण तुमच्या वर्गात अंग चोरून बसणारं कुणी असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका आणि ओढूनही आणू नका. त्याच्याजवळ बसा, हात उघडा ठेवा. त्याने तो घेतलाच नाही, तरी बसा.