सातव्या इमारतीचं छप्पर

मित्रांनो, जिन्याखाली सायकलींच्या मागे एक धुळकट काचेचं झाकण दिसतंय ना, त्याच्या आत मी आहे. अख्ख्या वस्तीचा जुना लाकडी नमुना. माझ्यात सात इमारती आहेत, दोन रस्ते, एक बाग आणि बागेतल्या बाकावर बसलेला एक माणूस. माझ्या रस्त्यांवर आजवर एकही खड्डा पडलेला नाही. असं छातीठोकपणे सांगणारं दुसरं कुणी भेटलं, तर मला जरूर कळवा.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवलं. माझी झाडं म्हणजे हिरव्या रंगात बुडवलेले स्पंजाचे कण. इतके हलके की कुणी मोठ्याने उसासा टाकला तरी बाग शेजारच्या गल्लीत जावी. आणि म्हाताऱ्याला नेमकी सर्दी. बाग लावता लावता त्याला एक दांडगी शिंक आली आणि ती त्याने गिळली. गिळलेली शिंक कुठे जाते हे मोठ्या माणसांना विचारू नका, त्यांना ठाऊक नसतं. ती त्याच्या बोटांतून उतरली आणि माझ्या फळीखाली दबून बसली. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुताराने माझ्या इमारतींची छपरं चिकटवली नाहीत. सातही लाल छपरं एका डबीत घालून दिली आणि म्हणाला, "जशी खरी इमारत पुरी होईल, तसं एकेक चढवा. आधी नाही."

मग मी बांधकामाच्या जागेवरच्या पत्र्याच्या ऑफिसात, मोठ्या टेबलावर येऊन बसलो. तिथे तिघांची भागीदारी होती. जागा नगरपालिकेची, बांधणारा ठेकेदार, आणि तिसरी ती तिथली जुनी वस्ती. वस्तीतल्या लोकांनी आपली घरं पाडायला दिली होती आणि नवी मिळेपर्यंत समोरच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायचं कबूल केलं होतं. ही भागीदारी नीट चालली आहे की नाही हे बघायला तिघांची माणसं दर महिन्याला माझ्याभोवती जमायची. नगरपालिकेकडून साहेब यायचे. कठीण प्रश्न आला की ते चष्मा पुसायला घ्यायचे, त्यामुळे त्यांचा चष्मा फार स्वच्छ असायचा. ठेकेदाराला सगळे होईलभाऊ म्हणायचे, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, "होईल." आणि वस्तीच्या वतीने यायच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. गळ्यात मापाची पट्टी, बाहीला टोचलेल्या टाचण्या.

पहिल्याच बैठकीत मावशींनी रीत घालून दिली. "छप्पर बसवताना तिघांचं बोट लागलं पाहिजे. एकाचं कमी असेल तर छप्पर डबीत. आणि बोट लावायच्या आधी तिघांनी ती इमारत चढायची, मजल्या-मजल्यावरचा नळ सोडून बघायचा."

होईलभाऊंचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरायचं. जिन्याचं नाव काढताच ते म्हणाले, "मावशी, नळ सगळे सारखेच असतात हो. एक बघितला की सगळे बघितल्यासारखे."

"सदऱ्याच्या दोन्ही बाह्यासुद्धा सारख्याच असतात, भाऊ," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला एकच शिवून देऊ का?"

साहेब हसले, मग चष्मा पुसू लागले.

काय ते दिवस होते. तिघं धापा टाकत यायचे, हात अजून ओले. तीन ओली बोटं एका चिमुकल्या छपरावर टेकायची आणि छप्पर टक्कन बसायचं. एखादा थेंब माझ्या रस्त्यावर पडायचा. माझ्याकडे पाऊस म्हणून आला तो तेवढाच. अशी सहा छपरं बसली. त्या सहा इमारतींत माणसं राहायला गेली, गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले.

राहिली सातवी. तिच्यातच मावशींचं घर होतं, दुसऱ्या मजल्यावर. "आधी बाकीच्यांचं होऊ दे, माझं शेवटी," असं त्याच म्हणाल्या होत्या. सातवीच्या दुसऱ्या मजल्याला सुताराने कपडे वाळत घालायला दोरा बांधला होता. त्यावर मावशींनी पिवळ्या कापडाचा नखाएवढा तुकडा टाकला. साहेबांनी विचारलं, हे काय. "माझं घर. पत्ता चुकू नये म्हणून."

सातवीचे खांब उभे राहिले आणि काम थंडावलं. माझ्या समोरच्या खिडकीतून मला ते खांब दिसायचे, डोक्यावर सळया पिंजारलेले. त्यातच बातमी आली की सरकारातले वरचे पाहुणे काम बघायला येणार.

साहेबांनी चष्मा पुसला. "मॉडेल अपुरं दिसतंय."

"त्यात काय," होईलभाऊ म्हणाले. "इमारत काय, होईल. छप्पर चार दिवस आधी बसलं तर बिघडतं कुठे?"

"माझ्या घरात उभी राहून मी नळ सोडीन," मावशी म्हणाल्या, "आणि मग बोट लावीन. त्याआधी नाही." त्या उठल्या आणि चालू लागल्या. बाहीतली एक टाचणी माझ्या बागेत पडली. ती अजून आहे, विजेच्या खांबासारखी उभी.

मावशींची पाठ वळल्यावर होईलभाऊंनी डबीतून सातवं छप्पर काढलं आणि त्यावर दोन बोटं ठेवली. "हे माझं. हे मावशींचं." साहेबांनी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि मग आपलंही ठेवलं. तिन्ही बोटं कोरडी होती. छप्पर काही केल्या टक्कन बसेना, म्हणून खाली गोंद लावला. मग खिडकीला पडदा लावला.

पाहुणे आले. त्यांनी मला उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. "वा, पूर्ण झालं म्हणायचं." माझा फोटो काढला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि इतकं गुदमरायलाही कधी झालं नव्हतं. चहा घेऊन सगळे निघाले. पडदा सरकवून बाहेर बघावं असं एकालाही वाटलं नाही.

त्यानंतर बैठका बंद झाल्या. सातही छपरं बसली, मग आता बघायचं काय राहिलं? साहेबांची बदली झाली. होईलभाऊंनी आपली यंत्रं दुसऱ्या गावाला नेली. ऑफिसला कुलूप लागलं.

मित्रांनो, एकटं राहणं म्हणजे काय ते मला विचारा. माझ्या तिसऱ्या इमारतीत मुंग्या राहायला आल्या, कुणालाही न विचारता. झाकणाच्या फटीतून शिरलेली एक पाल सहा ढांगांत अख्खी वस्ती ओलांडून गेली आणि त्या धक्क्याने बाकावरच्या माणसाचं मुंडकं पडलं. तो तसाच बसून राहिला. आम्ही दोघं कुणाची तरी वाट बघत होतो. त्याला डोकं नव्हतं म्हणून त्याचं बरं चाललं होतं.

पडद्याची एक बाजू सुटून लोंबत होती. त्या फटीतून मला सातवीचे खांब दिसायचे आणि पलीकडे पत्र्याच्या खोलीच्या दारात बसून शिवणाऱ्या मावशी. वारा इकडचा असला की मशीनचा आवाज यायचा. मावशी नगरपालिकेत जाऊन यायच्या. तिथे त्यांना सांगायचे, "तुमची इमारत झालेली आहे, बाई. आमच्याकडे फोटो आहे." परत येताना त्या खिडकीपाशी थांबायच्या, काचेला कपाळ टेकून मला बघायच्या आणि म्हणायच्या, "काय रे, तुझं झालं. माझंच राहिलं."

मला बोलता आलं असतं तर?

पुढे एकदा कुलूप उघडलं. नगरपालिकेत नव्या साहेबबाई आल्या होत्या. ऑफिस रिकामं करायचं म्हणून त्या शिपायाला घेऊन आल्या. त्यांनी माझं झाकण उचललं. इतक्या काळाची धूळ एकदम उसळली आणि मित्रांनो, सुताराची ती शिंक माझ्या फळीखालून सुटली. सातव्या इमारतीचं छप्पर गोंदासकट उडालं आणि बाईंच्या चपलेशी जाऊन पडलं.

"ओल लागून लाकूड फुगलं असेल," शिपाई म्हणाला. म्हणू दे. शिंक कुणाची होती ते मला माहीत आहे.

बाई वाकल्या, छप्पर उचलून परत जागेवर ठेवायला निघाल्या. तेवढ्यात दारात मावशी उभ्या. उघडं कुलूप बघून धावत आल्या होत्या, ओठांत दोरा तसाच.

"ते बसवू नका."

"का? तुम्ही कोण?"

मावशींनी त्या पिवळ्या चिंधीवर बोट ठेवलं. "मी इथे राहते."

"मग बसवायला काय हरकत आहे?"

मावशींनी पडदा ओढून काढला.

बाई बराच वेळ त्या गंजलेल्या सळयांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी छप्पर माझ्या फळीवर, सातवीच्या शेजारी अलगद ठेवलं आणि शिपायाला म्हणाल्या, "हे इथेच असू दे. कुणी हात लावायचा नाही."

बाई मनावर घेणाऱ्या निघाल्या. नवा ठेकेदार आला, खांबांना भिंती आल्या. भिंतींना रंग लागायच्या आत बाईंचीही बदली झाली. मावशींचे केस तोवर पांढरे झाले होते. पण सातवी उभी राहिली. तीच ही इमारत, जिच्या जिन्याखाली मी आहे. ऑफिस मोडलं तेव्हा मावशींनीच मला इथे आणवलं.

राहायला आल्या त्या दिवशी मावशी एकेक पायरी धरून वर गेल्या. मला इथे खाली नळाचा आवाज ऐकू आला. मग त्या उतरून आल्या, हात ओला. झाकण उचलून त्यांनी छपरावर एक बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. दुसरं बोट ठेवायला कुणी नव्हतं. साहेब कुठे होते कोण जाणे. होईलभाऊ कुठल्या तरी गावात "होईल" म्हणत असतील.

"एकटीचं चालत नाही," मावशी स्वतःशीच म्हणाल्या. "रीत माझीच आहे." बोट काढून त्यांनी झाकण लावलं.

पुष्कळ दिवस दुसऱ्या मजल्यावरून मशीनचा आवाज येत असे. आता येत नाही. पिवळी चिंधी अजून दोऱ्यावर आहे. आणि छप्पर अजून शेजारीच पडलेलं आहे.

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्यावर सायकली टेकवता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेवढीच सोबत होते. पण कधी तरी तिघं मिळून या. झाकण उचला, धूळ पुसा, मुंग्यांना सांभाळा. त्याआधी मात्र ही इमारत वरपर्यंत चढा आणि मजल्या-मजल्यावरचा नळ सोडून बघा. पाणी येतंय ना, गळत नाही ना, कुणी एकटं राहत असेल तर त्याला काही हवं आहे का.

मग खाली या आणि एकेक बोट छपरावर ठेवा. बोटं पुसू नका. ओलीच असू द्या.