कॅसेट नंबर चारशे बारा

मंगळवार, चौदा ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. घोडेगावच्या शिवारातल्या एका वस्तीवर, पत्र्याच्या शेडमध्ये सत्तावीस वर्षं उभ्या असलेल्या अँबेसिडरचा टेप सुरू झाला.

योसेफ साळवे तेव्हा डॅशबोर्डखाली उताणा पडलेला होता. वायरिंगचं काम करणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य असंच जातं. बरोबर आणलेल्या बॅटरीला त्याने खाली लोंबणाऱ्या वायरीचे दोन चिमटे लावले. दिवे लागतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. दिवे लागले नाहीत. आधी घरघर आली आणि मग एका माणसाचा खालच्या पट्टीतला, ओढल्यासारखा आवाज.

"नंबर चारशे बारा. तेवीस नोव्हेंबर अठ्ठ्याण्णव."

आवाज योसेफचा स्वतःचा होता. पाठोपाठ गाणं सुरू झालं. योसेफने एक चिमटा ओढून काढला.

"काका, बंद का केलं? लई भारी वाटत होतं," शेडच्या दारातून संस्कृती म्हणाली. गाडी तिच्या आजोबांची, श्रीमंत अण्णांची. डिसेंबरात तिचं लग्न होतं आणि मांडवात ती याच गाडीतून उतरणार होती. "हेच गाणं राहू द्या. रीलला लावते."

"बेल्ट सैल हाय," योसेफ म्हणाला. "पट्टी गुंडाळंल."

तो सीटवर बसला आणि बोटांवर मोजू लागला. ही गाडी शेडमध्ये आली बारा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णवला. त्याच्या तिसऱ्या दिवशी तिची बॅटरी त्यानेच आपल्या हाताने काढून नेली होती. आणि आतली कॅसेट त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भरलेली होती. नऊ महिने, अकरा दिवस. त्याने पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

गाडी चालवायचा त्याचा थोरला भाऊ, जस्टिन. शिर्डीचे भाविक शिंगणापूरला आणायचे, दर्शन झालं की परत सोडायचे. पांढरी गाडी, काचेला झालर, आणि रस्ताभर गाणी. बारा फेब्रुवारीला, गुरुवारी, त्याने सकाळचे प्रवासी शिंगणापुरात उतरवले. दुपारी चारला गाडी कालव्याच्या भरावावर उभी दिसली. दारं लावलेली, चावी जागेवर. कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठोकाठ. पोहणाऱ्यांनी आठ दिवस, शेतात पाणी नेणाऱ्या शेवटच्या चारीपर्यंत शोध घेतला. चप्पलसुद्धा सापडली नाही. श्रीमंत अण्णांनी गाडी ट्रॅक्टरने ओढून वस्तीवर आणली, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. ती दोन हजार अकरा साली ते वारले तेव्हाच सुटली.

जस्टिनची बायको मरिया तेव्हा छत्तीस वर्षांची होती. आता त्रेसष्ट. ना सवाष्ण, ना विधवा. दोन नोव्हेंबरला सगळी ख्रिस्ती घरं आपापल्या माणसांच्या कबरी धुतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात. मरिया दरवर्षी सासूसासऱ्यांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावायची आणि हातात उरलेली दुसरी घरी परत घेऊन यायची. या वर्षी उन्हाळ्यात तिने ठरवलं, आता पुरे. सासऱ्यांच्या शेजारी एक दगड बसवायचा. दगड कोरणाऱ्याने नाव कोरलं होतं, जन्मतारीखही कोरली होती. मृत्यूची तारीख कागदावर लिहून शुक्रवारपर्यंत द्या, असं तो म्हणाला होता. बारा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णव. तो कागद योसेफच्याच खिशात होता.

त्याने बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. कोपऱ्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा होता. टॅक्सीवाले एकमेकांच्या कॅसेटी लांबवायचे, म्हणून जस्टिन आपल्या कॅसेटींना अशी खूण करायचा. पुठ्ठ्यावर गाण्यांची यादी योसेफच्याच अक्षरात होती. पहिल्या बाजूला त्या दिवाळीत गाजलेल्या एकाच सिनेमाची सहा गाणी, जी तेव्हा प्रत्येक जीपमध्ये आणि रसवंतीवर वाजायची. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मात्र फार जुनं होतं. त्याची तबकडी योसेफला नगरहून मागून आणावी लागायची. एवढ्या वर्षांत ते गाणं एकाच गिऱ्हाइकाने मागितलं होतं.

आणि योसेफने ते भरून दिलं होतं. तेवीस नोव्हेंबरला, भाऊ कालव्यात गेला असं धरून चाललेल्या घरातून दुकानात येऊन.

त्या काळी त्याचं हायवेला कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. चार बाय सहाची टपरी, दोन डेक, भिंतभर कॅसेटी. जुनी कॅसेट आणून दिली की तिच्यावरच नवी गाणी भरून मिळायची. टॅक्सीवाले पहाटे निघायचे, दुकान उघडायचं नऊला. म्हणून शटरला खाली फट ठेवलेली होती. फटीतून कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी आत सारायची, संध्याकाळी शेजारच्या कानिफनाथच्या चहाच्या टपरीवरून घेऊन जायची. अदलाबदल होऊ नये म्हणून योसेफ प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला नंबर आणि तारीख बोलायचा. गिऱ्हाइकाचं तोंड बघायची गरजच पडायची नाही. लग्नसराईत दिवसाला पंधरा कॅसेटी. कोपऱ्यावरची लाल पट्टी त्याच्या बोटांखालून गेली असणार. डोळ्यांखालूनही.

तो पुन्हा डॅशबोर्डखाली गेला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. टेपला जोडलेली ती वायर कंपनीची नव्हती. कुणीतरी नंतर जोडून काढलेली होती, बाहेरची बॅटरी लावता यावी म्हणून. सांधा नीट होता. तीन वेढे, टोक मागे दुमडून चिकटपट्टी. हा सांधा त्याने केलेला नव्हता. पण त्याला सांधा घालायला ज्या थोरल्या भावाने शिकवलं होतं, तो असाच करायचा.

"टेप वाजला व्हय रं?"

बनुबाई काठी टेकत शेडच्या दारात आल्या होत्या. श्रीमंत अण्णांची बायको, संस्कृतीची आजी. एका डोळ्याने दिसत नव्हतं, कान मात्र शाबूत.

"वाजला, आजी. हितं कोन बसायचं का गाडीत?"

"कुलूप हुतं की."

"कुलूप हुतं ते ठावं हाय मला. पर बसायचं का कोन?"

बनुबाई दाराच्या उंबऱ्यावर टेकल्या. संस्कृतीने मोबाईल खाली केला.

"दुपारी गानं यायचं आतनं," त्या म्हणाल्या. "बारीक आवाजात. बाया निंदायला गेल्याव, वस्तीवर कोन नसलं म्हंजी. मी मालकाला म्हनलं, शेडात कायतरी हाय. ते म्हनले, बसू दे त्याला."

"कोनाला?"

"मी इचारलं. ते जेवत हुते. जेवत राहिले."

"आजी, कायपन काय सांगती," संस्कृती म्हणाली, पण शेडच्या आत आलेली होती ती दोन पावलं मागे सरून उन्हात उभी राहिली.

"कधीपर्यंत यायचं गानं?" योसेफने विचारलं.

बनुबाईंनी विचार केला. "हिची आई सून म्हनून आली, त्या साली बंद झालं. का आमीच ऐकायचं सोडलं, ते काय सांगावं."

संस्कृतीच्या आईचं लग्न दोन हजार एक सालचं. योसेफ त्या लग्नात जेवला होता. त्याने तेही मनात नोंदवलं.

कानिफनाथची टपरी आता हॉटेल झाली आहे. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजाराला तिथे उभं राहायला जागा नसते, मंगळवारी दोन माणसं होती. कानिफनाथ सत्तरीचा, गल्ल्यावर बसून नातवाला हाका मारत होता.

"तेवीस नोव्हेंबर का चोवीस, मला काय ठावं? अरं, सकाळी च्या कोन पिऊन गेलं ते ध्यानात ऱ्हात न्हाई," तो हसत म्हणाला. "सत्तावीस वर्सांनी कॅसेट नेणाऱ्याचं नाव इचारतोस लेका. पोलिसात लागला काय?"

योसेफने कॅसेट काउंटरवर ठेवली. लाल पट्टी वर. कानिफनाथने ती उचलली नाही, बोटाने जरा पलीकडे सारली. हसणं थांबलं.

"एकदा आल्ता त्याच्यासारखा मानूस," तो हळू म्हणाला. "एकदा म्हन, दोनदा म्हन. मी तुला बोललो न्हाई."

"का न्हाई बोललास?"

"काय बोलू? तुमी आठ दिस कालव्यात गळ टाकून दमलेले. तुझी म्हातारी अन्न सोडून. आन् मी सांगू, तुमचा जस्टिन कॅसेट न्यायला आल्ता म्हनून?"

"त्याच्यासारखा म्हंजी कसा?"

"पाठमोरा," कानिफनाथ म्हणाला. "मी पातेलं उतरवून वळलो, तर कॅसेट उचलून चाललेला. पाठमोरा दिसला. हाक मारायला तोंड उघडलं आन् म्हनलं, नको. वळला आन् दुसराच निघाला तर? आन् वळला आन् तोच निघाला तर?"

चहा पुढे आला. योसेफने तो घेतला नाही.

संध्याकाळी साडेपाचला त्याने गाडीतला टेप सोडवून आणला आणि बॅटरीसकट मरियाच्या ओट्यावर मांडला. येतानाच त्याने आपल्या वायरिंगच्या दुकानात दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली होती. गाणी संपल्यावर पट्टी थोडी उरत होती. नव्या गाण्यांनी जुनं भरलेलं सगळं पुसलं होतं, एवढी चाळीस सेकंदं सोडून.

मरिया पिठाचे हात धुऊन आली. योसेफने तिला सगळं क्रमाने सांगितलं. तारीख, लाल पट्टी, सांधा, बनुबाई, कानिफनाथ. सांगताना त्याने स्वतःचं काही घातलं नाही. मग त्याने बटण दाबलं.

ढोलकीला शाई चढवून कुणीतरी थाप मारून बघत होतं. एकोणनव्वदचा नाताळ होता तो. घरोघरी भजनं म्हणत फिरायच्या आधी, याच अंगणात, योसेफच्या नव्या डेकवर. मग जस्टिनचा आवाज.

"योसफ, चालू हाय का रं ते? लाल दिवा लागलाय का?"

"लागलाय, लागलाय. गा की."

"मरिया हाय का आत? तिला म्हनावं हसू नको."

मग दोन ओळींइतका दम घेतल्याचा आवाज, आणि खट्.

शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. कोंबड्या शिडीवर चढत होत्या.

"आवाज जड येतोय, वहिनी," योसेफ म्हणाला. "बेल्ट सैल हाय त्याचा."

"न्हाई भावजी. त्यांचा आसाच हुता. तुमी इसरलात."

"परत लावू?"

"नको. तुटंल."

तिने पदराने कॅसेट पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"नोव्हेंबरात भरली म्हनता."

"तेवीस नोव्हेंबर."

"मग तीच तारीख घाला दगडावर."

"ती काय गेल्याची तारीख न्हाई, वहिनी. त्या दिवशी कुनीतरी नुस्ती कॅसेट टाकली."

"आदीची तरी कुठं गेल्याची हुती? त्या दिवशी नुस्ती गाडी घावली."

योसेफने बॅटरीचे चिमटे काढून ठेवले. तिने पुढचं विचारलं तेव्हा त्याला वाटलं, हे आपण आणायला नको होतं.

"बनुबाईला गानं कवापर्यंत ऐकू यायचं?"

"दोन हजार एकपर्यंत. म्हनती. वय झालंय तिचं."

"म्हंजी तीन वर्सं." मरियाने अंगणाच्या पलीकडे, वस्तीच्या दिशेने बघितलं. तिच्या घरापासून तो शेड अडीच किलोमीटरवर आहे. "तीन वर्सं हितनं एवढ्यावर. आन् मी हितं."

"वहिनी, तो नसंल बी. त्याच्या कॅसेटी कुनाच्या बी हाती लागल्या आसतील. सांधा काय, कुनीबी घालतं तसा."

"तुमाला काय वाटतं?"

"मला वाटतं," योसेफ म्हणाला आणि थांबला. इतकी वर्षं तो तुटलेल्या वायरी शोधत आला होता. कुठे तुटली ते कळल्याशिवाय सांधा घालायचा नाही, एवढंच त्याला येत होतं. "मला काय बी वाटत न्हाई."

"मग कागद द्या हिकडं."

त्याने खिशातला कागद दिला. तिने तो वाचला, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

शुक्रवारी योसेफ दगड कोरणाऱ्याकडे मोकळ्या हाताने गेला. तारीख नाही म्हटल्यावर तो म्हणाला, नुसती आडवी रेघ ओढून पुढची जागा कोरी ठेवतो, जिवंतपणी दगड करून ठेवणारे असतात, त्यांचं असंच करतो. मरियाने निरोप धाडला, रेघ पण नको.

दोन नोव्हेंबरला, रविवारी, कबरस्तानात फादरांनी पाणी शिंपडलं. साळव्यांच्या रांगेत दोनच कबरींवर झेंडू होता. मरिया या वर्षी एकच मेणबत्ती घेऊन आली होती. सासूसासऱ्यांच्या मधे तिने ती लावली, विझेपर्यंत थांबली, आणि योसेफच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी आली.

गाडीचं काम योसेफने सोडलं. संस्कृतीने नगरहून दुसरा माणूस आणला. त्याने जुनी वायरिंग सगळी उपटून टाकली, नवी म्युझिक सिस्टीम बसवली. गाडी सुरू झाली, असं ऐकलं.

अर्धा कोरलेला दगड अजून कोरणाऱ्याच्या अंगणात, भिंतीला तोंड करून उभा आहे. मरिया एकटी राहते. गल्लीतल्या बाया सांगतात, त्या मंगळवारपासून ती दार लोटून घेते, आतून कडी घालत नाही.